घरच्या कॉम्प्युटरवर वारंवार येणारा धोक्याचा इशारा : कारणे व उपाय

— ऊस विकास अधिकारी



या पानावर मी एरवी लागण, बेणेप्रक्रिया, खतांच्या मात्रा, हुमणी याविषयी लिहीत असतो. या अंकातील विषय वेगळा आहे, पण तो तुमच्याकडूनच आलेला आहे. ऊस नोंदीच्या याद्या व माती परीक्षणाचे अहवाल आता गट ऑफिसमधून ई-मेलने जातात. पुष्कळ सभासदांच्या घरी मुलांच्या शिक्षणासाठी कॉम्प्युटर आला आहे व त्यावर ही कागदपत्रे उघडली जातात. मग मला फोन येतो, "साहेब, तुमची यादी उघडली की कॉम्प्युटर म्हणतोय फाइल धोक्याची असू शकते. दर वेळी तेच. काय बिघडलंय?" एक सभासद तर एवढ्यासाठी कॉम्प्युटर मोटारसायकलवर बांधून तालुक्याला दुरुस्तीला घेऊन गेले.

बिघडलेले काही नसते. हा इशारा थांबवण्याचे दोन मार्ग आहेत. एक बरोबर, दुसरा घातक. घातक मार्गाने जाऊन मी स्वतः नुकसान करून घेतले आहे, ते पुढे सांगणारच आहे. प्रथम कारण समजून घेऊ.

इशारा कशामुळे येतो?

आपल्याच बेणेमळ्यातले बेणे असले म्हणजे त्याचा सगळा इतिहास आपल्याला ठाऊक असतो. परगावाहून बेणे आणले, तर आपण विचारतो : कोणाच्या रानातले? वय किती महिन्यांचे? काणी किंवा गवताळ वाढ दिसली होती का? बाहेरचे बेणे वाईटच असते असे नाही. पण ते बाहेरचे आहे हे ध्यानात ठेवून आपण तपासून घेतो.

विंडोजवर चालणारा कॉम्प्युटर हेच करतो. इंटरनेटवरून किंवा ई-मेलमधून एखादी फाइल उतरवून घेतली, की तिला एक न दिसणारी चिठ्ठी बांधली जाते. इंग्रजीत या चिठ्ठीला 'मार्क ऑफ द वेब' असे म्हणतात. तिच्यात फाइल कोठून आली त्याचा क्रमांक असतो. १ म्हणजे घरातील किंवा ऑफिसातील जाळे, २ म्हणजे आपण विश्वासू ठरवलेली जागा, ३ म्हणजे इंटरनेट आणि ४ म्हणजे धोकादायक ठरवलेली जागा. चिठ्ठीवर ३ किंवा ४ असला, की कॉम्प्युटर थांबून विचारतो. ही चिठ्ठी फाइलच्या मजकुरात नसते, मागे जोडलेली असते. त्यामुळे फाइलचे नाव बदलले किंवा ती दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली तरी चिठ्ठी तशीच राहते, आणि इशारा पुनःपुन्हा येतो.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवावी. चिठ्ठी फक्त 'कोठून आली' एवढेच सांगते, 'रोग आहे की नाही' हे सांगत नाही. चिठ्ठी असलेली फाइल निर्मळ असू शकते आणि चिठ्ठी नसलेली फाइल रोगट असू शकते.

ही व्यवस्था उगाच आलेली नाही. मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' नावाचा विषाणू ई-मेलमधून जगभर पसरला. जोडलेली फाइल साध्या प्रेमपत्रासारखी दिसे. तिच्या नावात शेवटी 'टीएक्सटी' हे साध्या मजकुराचे शेपूट होते, पण त्याच्याही पुढे 'व्हीबीएस' हे प्रोग्रॅमचे शेपूट होते आणि विंडोज ते शेवटचे शेपूट लपवत असे. पत्र समजून लोकांनी प्रोग्रॅम चालवला. पुढे २००४ साली विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकमध्ये अशा फाइलींना चिठ्ठी बांधून इशारा देण्याची सोय आली. आजचा इशारा त्याचाच वंशज होय.

आधी इशारा कोणता ते ओळखा

पिवळे पान दिसले म्हणून लगेच युरिया टाकून चालत नाही, तसेच येथेही आहे. इशारे वेगवेगळे असतात.

१) 'ओपन फाइल – सिक्युरिटी वॉर्निंग' अशी लहान चौकट : प्रोग्रॅम चालवताना येते. कारण चिठ्ठी.

२) एक्सेल किंवा वर्डमध्ये वर पिवळी पट्टी, 'प्रोटेक्टेड व्ह्यू' : कारण बहुधा चिठ्ठीच. फाइल वाचण्यापुरती उघडलेली असते. यादी नुसती पाहायची असेल तर 'एनेबल एडिटिंग' हे बटण दाबण्याची गरजच नाही.

३) एक्सेलमध्ये लाल पट्टी, मॅक्रो रोखल्याची : मॅक्रो म्हणजे फाइलीच्या पोटात लपलेला छोटा प्रोग्रॅम. इंटरनेटवरून आलेल्या फाइलीतील मॅक्रो २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने आपणहून रोखायला सुरुवात केली. आपल्या याद्यांत मॅक्रो नसतो. यादीच्या नावाखाली लाल पट्टी दिसली, तर फाइल बंद करून गट ऑफिसला कळवावे.

४) निळी मोठी चौकट, 'विंडोज प्रोटेक्टेड युअर पीसी' : फारसा कोणी न वापरलेला, अनोळखी प्रोग्रॅम चालवताना येते. खात्री नसेल तर येथेच थांबावे.

५) पडदा अंधुक होऊन 'कॉम्प्युटरमध्ये बदल करू देऊ का?' असा प्रश्न : याचा चिठ्ठीशी संबंध नाही. घरमालकाची ही परवानगी आहे. ती बंद करू नये.

६) इंटरनेट पाहताना 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा' असा आरडाओरडा : हा इशाराच नव्हे, फसवणूक आहे. फोन करू नये, पान बंद करावे. बंद होत नसेल तर कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करावा.

बरोबर मार्ग : खात्रीच्या एकाच फाइलीची चिठ्ठी काढणे

फाइल कोणी पाठवली याची खात्री झाल्यावर पुढीलप्रमाणे करावे.

१) फाइल उघडू नये. तिच्यावर माउसचे उजवे बटण दाबावे.

२) येणाऱ्या यादीतून प्रथम डिफेंडरने तपासण्याचा, म्हणजे 'स्कॅन'चा पर्याय घ्यावा. दोष निघाल्यास तेथेच थांबावे.

३) पुन्हा उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज' निवडावे. 'जनरल' या पानावर अगदी तळाला, ही फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आली आहे अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य व त्याशेजारी 'अनब्लॉक' अशी चौकट दिसेल.

४) त्या चौकटीत खूण करून 'अप्लाय' व 'ओके' दाबावे. चिठ्ठी सुटली. आता ती एक फाइल विचारणार नाही, बाकीच्या फाइली विचारतच राहतील. तेच आपल्याला हवे आहे.

तरीही इशारा येत असेल तर

*झिप फाइल.* पुष्कळ फाइली एका गाठोड्यात बांधून येतात, तिला झिप म्हणतात. गाठोड्याला चिठ्ठी असताना ते विंडोजमध्ये सोडले, तर आतल्या फाइलींनाही चिठ्ठी लागते. मग एकेक सोडवत बसावे लागते. सबब आधी झिपची चिठ्ठी काढावी, नंतर गाठोडे सोडावे.

*चिठ्ठी निघतच नाही.* फाइल विंडोजच्या संरक्षित फोल्डरमध्ये ठेवलेली असली, की बदल टिकत नाही. ती 'डॉक्युमेंट्स'मध्ये आणून मग अनब्लॉक करावी.

*घरात दोन कॉम्प्युटर जोडलेले आहेत.* दुसऱ्या कॉम्प्युटरवरची फाइल त्याच्या आकडी पत्त्याने उघडली, तर विंडोज ती इंटरनेटवरची समजते, कारण पत्त्यात टिंबे असतात. येथे चिठ्ठी नसतेच, त्यामुळे अनब्लॉक दिसत नाही. आकड्यांऐवजी कॉम्प्युटरच्या नावाने जोडून पाहावे. तेवढ्याने न भागल्यास कंट्रोल पॅनेल, इंटरनेट ऑप्शन्स, सिक्युरिटी, लोकल इंट्रानेट, साइट्स, अ‍ॅडव्हान्स्ड या वाटेने जाऊन त्या एका कॉम्प्युटरचा पत्ता नोंदवावा.

*फाइल न उघडता बाजूला दिसायची, ती आता दिसत नाही.* १४ ऑक्टोबर २०२५ पासूनच्या विंडोज सुधारणांमध्ये चिठ्ठी असलेल्या फाइलींचे असे दर्शन बंद केलेले आहे. फाइल खात्रीची असल्यास अनब्लॉक केले की दिसू लागते. त्याच तारखेला विंडोज १० ची नेहमीची देखभालही थांबली. ज्यांच्याकडे ती आहे त्यांनी जाणकाराला विचारून विंडोज ११ वर जाण्याचा विचार करावा.

घातक मार्ग, आणि माझी फजिती

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. गळीत हंगाम भरात होता. दिवसभर तोडणी प्रोग्रॅम व रात्री घरी बसून नोंदी, असे चालले होते. दर फाइलीला इशारा येई. मी वैतागलो. पुतण्या सुट्टीला आला होता, त्याला म्हटले, "हे विचारणं एकदाचं बंद कर बाबा." त्याने अर्ध्या तासात सेटिंग बदलून सगळ्याच फाइलींसाठी इशारा बंद केला. मी खूश झालो. तीन महिने शांतता होती.

मग ठिबक अनुदानाची यादी म्हणून एक झिप ई-मेलने आली. पाठवणाऱ्याचे नाव ओळखीचे वाटले. सोडली, दोनदा टिचकी मारली. काहीच उघडले नाही. फाइल खराब असेल म्हणून झोपलो. सकाळी पाहतो तर सगळ्या फाइलींची शेपटे बदललेली, एकही उघडेना, आणि पैसे मागणारा इंग्रजी मजकूर. नीट पाहिले तेव्हा कळले की त्या यादीच्या नावाला 'पीडीएफ'पुढे आणखी 'ईएक्सई' असे शेपूट होते. म्हणजे २००० सालचीच युक्ती.

पैसे दिले नाहीत. पण दोन गटांतील सहा वर्षांचे माती परीक्षण व खोडव्याच्या उताऱ्याच्या नोंदी गेल्या. चिटबॉयच्या कागदी वहीत जेवढे होते तेवढेच वाचले. काही सभासदांना मातीचे नमुने पुन्हा द्यावे लागले. त्यांनी मला बोल लावला नाही, म्हणून मला अधिकच लाज वाटली. इशारा चालू असता तर मी थांबलो असतोच असे छातीवर हात ठेवून म्हणत नाही. पण 'ही यादी आहे तर प्रोग्रॅम चालवू का असे का विचारतेय?' हा प्रश्न निदान मनात आला असता. तेवढी संधीही मी स्वतःच्या हाताने घालवली होती.

म्हणून सांगतो, कोणी 'मी तुमचा इशारा कायमचा बंद करून देतो' म्हणाला तर नको म्हणावे. आधीच बंद केलेला असेल तर पुन्हा चालू करून घ्यावा.

खबरदारी

१) चिठ्ठी काढण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. ही फाइल मी मागवली होती का? पाठवणारा तोच आहे हे फोन करून विचारले का? फाइलीचे शेवटचे शेपूट काय आहे? शेपूट दिसत नसेल तर फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मधून 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करावे. विंडोज ११ मध्ये ते 'व्ह्यू'खालच्या 'शो'मध्ये आहे.

२) पेन ड्राइव्हवर बेफिकीर राहू नये. बहुतेक पेन ड्राइव्ह ज्या पद्धतीने तयार केलेले असतात तीत ही चिठ्ठी टिकत नाही. दुसऱ्याच्या पेन ड्राइव्हवरून आलेली फाइल इशारा देत नाही, म्हणून ती चांगली असे समजू नये. स्कॅन करावी.

३) महत्त्वाच्या कागदपत्रांची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवून ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. जोडून ठेवलेली डिस्कही विषाणू सोडत नाही.

४) मोबाइलवर सरकारी योजनेच्या किंवा वाहनाच्या दंडाच्या नावाने 'एपीके' फाइली फिरतात. त्या म्हणजे अ‍ॅपच असतात. मोबाइलचा इशारा डावलून त्या बसवू नयेत. फसवणुकीत पैसे गेल्यास वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी व बँकेस कळवावे.

५) आपला कारखाना सभासदांना 'ईएक्सई' किंवा 'एपीके' फाइल पाठवत नाही. कारखान्याच्या नावाने अशी फाइल आल्यास उघडू नये, गट ऑफिसला दाखवावी.

ज्यांना हे करताना अडचण येईल त्यांनी संकोच न करता गट ऑफिसमध्ये यावे. घरातील शिकत्या मुलामुलींना बरोबर आणावे, म्हणजे एकदा दाखवले की पुढे ती घरचे काम सांभाळतील. बाहेरचे बेणे तपासून लावायची आपली रीत आहे. फाइलीलाही सर्व सभासदांनी तीच रीत लावावी, ही विनंती.