हायड्रेंजियाच्या पाण्याचा बंदोबस्त

जपानच्या होन्शू बेटाच्या पॅसिफिक किनाऱ्यालगत, जेथे जून-जुलैमध्ये महिना-सव्वा महिना झडीचा पाऊस लागून राहतो, तेथील मूळ रहिवासी असलेले आणि ‘अजिसाई’ या नावाने त्या देशात घरोघर परिचित असलेले हायड्रेंजियाचे झुडूप सर जोसेफ बँक्स यांच्या खटपटीने १७८९ मध्ये चीनमार्गे लंडनजवळच्या क्यू उद्यानात पोहोचले. पुढे युरोपातील उद्यानविदांच्या हातून त्याचे नाना प्रकार सिद्ध झाले. आणि आज उटी-दार्जिलिंगच्या थंड हवेत तर ते सुखाने नांदतेच, पण पुण्या-नाशिकच्या रोपवाटिकांतूनही निळ्या-गुलाबी गुच्छांनी लगडलेल्या कुंडीच्या रूपाने हौशी गृहस्थांना भुरळ घालते. ही कुंडी मोठ्या उत्साहाने घरी येते. मात्र तिच्या पाण्याचा बंदोबस्त कसा ठेवायचा याविषयी विकणारा सहसा चकार शब्द काढत नाही, आणि विकत घेणाराही, रोज सकाळी तांब्याभर पाणी घातले की आपले कर्तव्य संपले, अशा समजुतीत असतो.

या झुडपाचा स्वभाव त्याच्या मायदेशाच्या पर्जन्यमानात दडलेला आहे. टोकियोत वर्षाकाठी सुमारे १६०० मिलिमीटर पाऊस पडतो. परंतु लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की अगदी कोरड्या महिन्यातही तेथे पन्नासेक मिलिमीटर पाऊस होतो आणि सर्वांत जास्त पाऊस होतो तो जूनमध्ये नव्हे, तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, वादळांच्या हंगामात. पुण्याचा पाऊस याच्या निम्म्याहूनही कमी, आणि तोही बव्हंशी चार महिन्यांत उरकून घेणारा. म्हणजे जे झुडूप बारमाही ओलाव्याच्या आधाराने वाढले, त्याला आपण सात-आठ महिने कोरड्या राहणाऱ्या मुलखात आणून ठेवतो. तेव्हा तेथील आभाळाचे काम येथे झारीला करावे लागणार हे ओघानेच आले.

हायड्रेंजियाची पाने रुंद असतात, त्यांतून बाष्पाचे उत्सर्जन सपाट्याने होते; उलट मुळे तंतुमय असून जमिनीच्या वरच्या वीतभर थरातच पसरलेली असतात. परिणामी वैशाखातील दुपारी मुळांकडून होणारा पुरवठा पानांच्या खर्चाला पुरा पडत नाही, आणि माती चांगली ओली असतानाही सारे झाड मान टाकून उभे राहते. नवखा माळी येथेच फसतो. तो घाबरून पुन्हा पाणी ओततो, मातीतील उरलीसुरली हवाही हुसकली जाते, आणि चार-आठ दिवसांत मुळे कुजू लागली की झाड खरोखरच मान टाकते, तीही कायमची. म्हणून दुपारच्या वेळी पानांनी केलेली फिर्याद ताबडतोब दाखल करून घेऊ नये; आधी दोन पेरे बोट मातीत खुपसून तिचा जबाब घ्यावा. संध्याकाळी ऊन उतरल्यावर पाने आपोआप सावरली, तर पाण्याची गरज नव्हती असे समजावे; पहाटेही ती मलूल दिसली आणि माती कोरडी लागली, तर मात्र क्षणाचाही विलंब करू नये. आपले शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, ती ओल आणि हवा दोन्ही नांदणारी मातीची अवस्था टिकवणे, एवढाच या झाडाच्या पाण्याचा हिशेब आहे.

पाणी द्यावे ते सकाळी, बुंध्याशी, आणि खोलवर मुरेल असे. जमिनीतील झाडाला वाढीच्या दिवसांत आठवड्याला पंचवीस मिलिमीटर पाणी हा पाश्चात्त्य माळ्यांचा ठोकताळा आहे. एक चौरस मीटर आळ्यासाठी तो पंचवीस लिटर होतो, आणि आपल्या उन्हाळ्यात तो वाढवावाच लागतो. कुंडीला तळाच्या छिद्रातून पाणी निथळेपर्यंत द्यावे, आणि खालच्या ताटलीत साचलेले ओतून टाकावे. कोकोपीट एकदा कडकडीत वाळले की वरून घातलेले पाणी कडेकडेने वाहून जाते व आतला गड्डा कोरडाच राहतो. अशा वेळी सबंध कुंडी बादलीत बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवण्यावाचून तरणोपाय नाही. आळ्यावर दोन-तीन बोटे जाडीचे पालापाचोळ्याचे आच्छादन घातले तर निम्मी चिंता मिटते. मात्र ते खोडाला चिकटू देऊ नये.

पावसाळ्यात पाण्याची काळजी नको असे वाटते, पण कुंडीतल्या झाडाच्या पानांचा घेर काठाबाहेर गेलेला असल्यामुळे रिमझिम पाऊस परस्पर बाहेर ओघळून जातो. वळचणीखालच्या कुंडीला तर श्रावणातही उपास घडतो. खरा घात मात्र होतो तो ऑक्टोबरात. बहर ओसरलेला, पाऊस गेलेला, आणि उन्हाचा तडाखा ऐन भरात. अशा वेळी फुले नसलेल्या झाडाकडे कोण पाहतो? परंतु कुंडीत सर्रास लावला जाणारा मोठ्या पानांचा जो प्रकार आहे, त्याचे पुढील वर्षाचे पुष्पांकुर याच सुमारास, दिवस आखूड आणि रात्री गार होऊ लागल्या की, फांद्यांच्या शेंड्यांशी आकार घेतात. त्यांच्या मायदेशी हाच काळ सर्वाधिक पावसाचा. या दिवसांत झाडाला पाण्याचा ताण बसला, किंवा डिसेंबरात कोणी ‘साफसफाई’ म्हणून शेंडे छाटले, तर पुढील उन्हाळ्यात नुसती पाने पाहावी लागतात. थंडीत पाने झडू लागली की पाणी बेताचे करावे. गड्डा पुरता वाळू देऊ नये, इतकेच.

पाण्याचा गुणही पाहावा लागतो. निळा रंग मातीतील ॲल्युमिनियम झाडाला मिळाल्यावरच येतो, आणि ते मिळते आम्लधर्मी मातीत. दख्खनच्या विहिरी-बोअरांचे क्षारयुक्त, जड पाणी वर्षभर घातल्यास निळे झाड हळूहळू गुलाबी होते, आणि पुढे पानेही शिरांमधून पिवळी पडतात. गंजलेले खिळे पुरण्याचा उपाय निव्वळ भाकड आहे. लोखंडाचा या निळाईशी संबंध नाही. तुरटीचे अगदी सौम्य पाणी अधूनमधून दिल्यास काही उपयोग होतो, पण अतिरेक झाल्यास मुळे करपतात. पावसाचे साठवलेले पाणी या कामी सर्वांत निर्धोक.

ज्यांच्या अंगणात सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारची सावली आहे, आणि ऑक्टोबरातही रोज मातीत बोट घालून पाहण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांनी हे झाड अवश्य लावावे. तापत्या उघड्या गच्चीचे जे मालक आहेत, त्यांनी जास्वंदीवर समाधान मानलेले बरे.