माईकपासून स्टुलापर्यंत: उंचीची करामत

बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाला ‘धाकटी पंढरी’ म्हणतात. गडावर काय किंवा गावोगावच्या सप्ताहात काय, कीर्तनकार बुवा उभे राहिले की पहिली धावपळ माईकवाल्याची. स्टँड म्हणजे नळीत नळी, सांध्यावर आटे असलेली मूठ. मूठ पिळली की आतला बुश आवळतो आणि आतली नळी घट्ट धरतो. सगळा भार नुसत्या घर्षणावर! बुश झिजला की माईक अभंगागणिक बोटभर खाली सरकतो. मग एखादा टाळकरी कागदाची घडी खुपसून वेळ निभावून नेतो.

सलूनच्या खुर्चीत हेच काम तेल करतं. पायाने दांडा मारला की थोडं थोडं तेल सिलिंडरमध्ये चढतं आणि झडप ते परत येऊ देत नाही. ऑफिसच्या खुर्चीत दाबून भरलेला नायट्रोजन असतो. दांडी ओढली की झडप उघडते. बसलेले असाल तर खुर्ची खाली, वजन काढलंत तर वर. बूड न उचलता नुसती दांडी ओढत ‘खुर्ची बिघडलीय’ म्हणणारे प्रत्येक कचेरीत असतात.

सगळ्यात भरवशाचं मात्र दवाखान्यातलं गोल फिरतं स्टूल. मधोमध जाड मळसूत्र. दोन आट्यांत ५ मिलिमीटर अंतर असेल, तर १० सेंटीमीटर चढायला २० फेरे. पेशंटबरोबर आलेली पोरं ते आनंदाने मोजतात.