चुंबक धरतं, बैठक तोलते

परभणी–जिंतूर रस्त्यावरच्या झरीतून दाढेला कॅप बसवून घ्यायला माणूस परभणीला येतो, तेव्हा त्याचा त्या दिवसाचा रोज बुडालेला असतो. डॉक्टर दातांत रंगीत कागद धरून ‘चावा’ म्हणतात आणि पेशंट सांगतो, ‘उंच लागतेय.’ मग घासणं सुरू होतं. थोडक्यात भागलं तर ठीक. नाहीतर कॅप पुन्हा लॅबला आणि माणूस पुन्हा झरीला. या जादा खेपेचं कारण नेहमी तोंडातच सापडतं असं नाही. पुष्कळदा ते लॅबच्या टेबलावर, दातांच्या मॉडेलच्या तळाशी बसवलेल्या चुंबकापाशी असतं.

त्या टेबलावर उभा असतो आर्टिक्युलेटर. वरचं आणि खालचं मॉडेल धरून जबड्यासारखं उघडझाप करणारं हे यंत्र. अमेरिकेतल्या बॉनविल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ४ इंची समभुज त्रिकोणावर आपला आर्टिक्युलेटर बेतला. जबड्याचे दोन सांधे आणि खालच्या पुढच्या दातांमधला बिंदू ही त्या त्रिकोणाची तीन टोकं. पुढे स्नो यांचा फेसबो आला आणि वरचा जबडा सांध्यापासून किती अंतरावर आहे, ते माप यंत्रावर नेता येऊ लागलं. पण मॉडेल यंत्राला जोडायचं ते प्लास्टरनंच, आणि प्लास्टर घट्ट होताना थोडं का होईना फुगतं. त्यावर जुन्या जाणत्यांनी तोड काढली. मॉडेलचा तळ आणि प्लास्टरची बैठक वेगवेगळी ठेवायची आणि दोन्हींत खाचा कोरायच्या. मॉडेल काढून परत ठेवलं की फट दिसते का, ते पाहायचं. फट दिसली की जोडणी चुकली. चुंबक पुढे या जोडात आलं ते दोन भाग एकत्र धरायला.

जागा ठरवणं हे त्याचं काम नव्हतंच, आजही नाही. सगळ्यात जास्त घोळ होतो तो हे विसरल्यामुळे.

आता मॉडेल थ्रीडी प्रिंटरमधून निघतं. प्रकाशानं घट्ट होणाऱ्या रेझिनच्या ५० किंवा १०० मायक्रोनच्या थरांनी ते उभं राहतं आणि चुंबकाचं भोकही सोबतच छापलं जातं. प्लास्टरची कटकट संपली खरी, पण प्लास्टरच्या जागी रेझिनच्या खोडी आल्या. १० मिलिमीटरच्या चुंबकाला १० मिलिमीटरचं भोक काढलं, तर ते छापून थोडं लहान येतं. शिवाय पहिल्या काही थरांना प्रकाश जास्त मिळतो, त्यामुळे पायथा पसरतो आणि भोकाचं तोंड आवळतं. म्हणून समजूतदार टेक्निशियन आधी एक छोटा ठोकळा छापतो. त्यात १०.०५, १०.१०, १०.१५, १०.२० अशी भोकं. ज्यात चुंबक बोटाच्या दाबानं जातं आणि हलत नाही, ते माप त्या प्रिंटरचं आणि त्या रेझिनचं. रेझिनची कंपनी बदलली की ठोकळा पुन्हा छापायचा. इथे आळस परवडत नाही.

खोलीचं गणित त्याहून महत्त्वाचं. चुंबक ३ मिलिमीटरचं असेल, तर भोक ३.१ ते ३.२ मिलिमीटर खोल हवं. चुंबक पृष्ठभागाच्या किंचित आत राहिलं पाहिजे. ते वर आलं की मॉडेल चुंबकावर टेकतं आणि डुगडुगतं. फार आत गेलं की ओढ झपाट्यानं कमी होते. मॉडेलचा भार रेझिनच्या तीन लांब-लांब टेकूंवर यावा, कारण तिवई खडबडीत जमिनीवरही डुगडुगत नाही.

एवढ्या बारकाईचं कारण सरळ आहे. बैठक ५० मिलिमीटर रुंद आहे आणि तिच्या एका कडेखाली ०.१ मिलिमीटरचा कण अडकला, असं धरू. डाव्या-उजव्या दाढांमधलं अंतरही साधारण तेवढंच, म्हणून एका बाजूची दाढ जवळपास ०.१ मिलिमीटरनं वर जाते. दातांना साधारण २० मायक्रोनचा फरक जाणवतो आणि हा १०० मायक्रोनचा. ‘उंच लागतेय’ म्हणणारा पेशंट अगदी खरं बोलत असतो.

मॉडेल डुगडुगलं, तर आधी ब्रशनं बैठक झाडा. चुंबकाला लोखंडी कीस चिकटलेला असू शकतो. मग भोकाच्या तळाशी साचलेला गोंद पाहा, कोपऱ्यात न सुकलेलं रेझिन पाहा. मॉडेल बसण्याऐवजी दूर सरकत असेल, तर ध्रुव उलटा लागलाय. चिकटवण्याआधी प्रत्येक चुंबकाच्या एकाच ध्रुवाच्या तोंडावर मार्करनं ठिपका दिला की हा प्रश्न मिटतो. चुंबक बसवायचं ते मॉडेल धुऊन, वाळवून आणि प्रकाशात पक्कं केल्यानंतरच. पक्कं होताना रेझिन आणखी आकसतं आणि आधी लावलेलं चुंबक तिरपं होऊ शकतं. नेहमीच्या निओडिमियम चुंबकाला ८० अंशांपुढची उष्णता सोसत नाही, हेही ध्यानात ठेवायचं.

परभणीत हवामानाचा मुद्दा वेगळा घ्यावाच लागतो. इथे उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि थंडीच्या लाटेत दहाच्या खाली उतरतो. थंड रेझिन दाट होतं, थर नीट भरत नाहीत. डिसेंबरात जमलेलं भोक मे महिन्यात तसंच येईल, याची खात्री नाही. ठोकळा दर ऋतूला छापणं हा इथल्या लॅबचा नियमच असायला हवा.

आर्टिक्युलेटरही तपासावा लागतो. दवाखाना आणि लॅब यांची यंत्रं वेगवेगळी असतील, तर दोन्ही एकाच मास्टर किल्लीवर, म्हणजे जुळवणीच्या ठरावीक मापावर, जुळवून घ्यावी लागतात आणि दोन्हींची पुढची पिन शून्यावर यावी लागते. शेवटची परीक्षा ८ मायक्रोनच्या शिमस्टॉक पट्टीची. तोंडात ती ज्या दातांमध्ये अडकते, त्याच दातांमध्ये ती यंत्रावरही अडकली पाहिजे. एका दाढेत अडकली आणि दुसरीत सुटली, तर आधी बैठक बघायची. कॅप घासायला घ्यायची नाही.

परभणीत दंत महाविद्यालय आहे, शहरात दवाखाने आहेत, म्हणजे हे काम इथे रोजचंच आहे. डॉक्टर आणि लॅबवाल्यांना एकच विनंती. माप पाठवताना पट्टी कुठल्या दातांत अडकली ते चिठ्ठीवर लिहा आणि कॅप परत पाठवताना यंत्रावर ती कुठे अडकली तेही लिहा.