इंग्रजी अभिजात नाटकांचे अध्यापन
इंग्रजी परभाषा म्हणून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना शेक्सपिअर (१५६४–१६१६) व इतर श्रेष्ठ नाटककारांच्या नाट्यकृती शिकविण्याची पद्धती. या अध्यापनाचे उद्दिष्ट दुहेरी असते : साहित्यकृतीचा आस्वाद आणि भाषेवरील प्रभुत्व. ही दोन उद्दिष्टे परस्परपूरक ठरतातच असे नाही. त्यांतील ओढाताण हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न होय.

दक्षिण महाराष्ट्रात या अध्यापनाचे जुने केंद्र म्हणजे कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय (स्था. १८८०). हे महाविद्यालय प्रथम मुंबई, नंतर पुणे व १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यावर त्या विद्यापीठाशी संलग्न झाले. येथे काही काळ प्राचार्य असलेले विनायक कृष्ण गोकाक हे पुढे हैदराबाद येथील केंद्रीय इंग्रजी संस्थेचे संचालक झाले. परभाषा म्हणून इंग्रजी कशी शिकवावी, हाच त्या संस्थेच्या कार्याचा विषय होता. कोल्हापुरात शिकलेले विंदा करंदीकर यांनी इंग्रजीचे अध्यापन करीत असतानाच किंग लिअरचे राजा लिअर (१९७४) हे भाषांतर सिद्ध केले.

मराठी विद्यार्थ्याच्या अडचणी मुख्यतः तीन प्रकारच्या असतात. पहिली शब्दार्थाची. ओळखीचा शब्द चारशे वर्षांपूर्वी निराळ्या अर्थाने वापरलेला असतो; उदा., आज ‘थोड्या वेळाने’ या अर्थी येणारा ‘प्रेझेंटली’ हा शब्द शेक्सपिअरमध्ये बहुधा ‘तत्काळ’ या अर्थी येतो. दुसरी अडचण छंदाची. या नाटकांचे पद्य सामान्यतः निर्यमक असून त्याच्या ओळीत दहा अक्षरे व पाच बलाघात असतात. मराठी वृत्तांची लय लघुगुरुक्रमावर वा मात्रांवर आधारलेली असल्यामुळे बलाघात कानाला सहजी जाणवत नाही व पद्य गद्यासारखे वाचले जाते. तिसरी अडचण संदर्भांची; ग्रीक-रोमन पुराणकथा, बायबल व राजदरबारी रीतिरिवाज यांचा परिचय करून द्यावा लागतो.

तथापि एका बाबतीत मराठी भाषक इंग्रजी भाषकापेक्षा अधिक सोयीच्या स्थितीत असतो. शेक्सपिअरच्या भाषेत द्वितीय पुरुषी ‘दाउ’ व ‘यू’ ही दोन सर्वनामे आहेत. आजच्या प्रमाण इंग्रजीत हा भेद उरलेला नाही. मराठीत मात्र ‘तू’, ‘तुम्ही’ व ‘आपण’ यांच्या रूपाने तो रोजच्या व्यवहारात आहे. हॅम्लेटच्या तिसऱ्या अंकात राणी मुलाला प्रथम ‘दाउ’ म्हणते; मुलगा तिच्याच वाक्याचा साचा उचलून ‘यू’ने उत्तर देतो आणि लगेच तीही ‘यू’वर येते. चिडलेली आई एरवीचे ‘तू’ सोडून मुलाला ‘आपण’ म्हणू लागली, की मराठी घरात जे घडते, तेच येथे घडते. अशा स्थळी मातृभाषेचे ज्ञान हेच मूळ संहितेत शिरण्याचे द्वार होते.

अध्यापनाच्या प्रचलित पद्धतींत अन्वयार्थ पद्धती सर्वांत रूढ आहे. तीत शिक्षक ओळ वाचून तिचा अर्थ सोप्या इंग्रजीत किंवा मराठीत सांगतो. अल्पावधीत अभ्यासक्रम पूर्ण होतो, हा तिचा गुण. विद्यार्थी केवळ श्रोता राहतो, हा दोष. नाट्यवाचन पद्धतीत विद्यार्थी पात्रे वाटून घेऊन प्रवेश मोठ्याने वाचतात. शेक्सपिअरच्या संहितेत रंगसूचना थोड्या असून कृती संवादांतून सूचित होते. मर्चंट ऑफ व्हेनिसमधील न्यायालयाच्या प्रवेशात शायलॉक सुरीला धार लावीत आहे, हे बसानिओच्या प्रश्नावरून कळते. उभे राहून वाचताना अशा जागा आपोआप लक्षात येतात.

तिसरी पद्धती तौलनिक होय. मराठीत तिला विपुल सामग्री उपलब्ध आहे. ‘कोल्हापूर प्रकरणा’त १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवसांची शिक्षा भोगलेले गोपाळ गणेश आगरकर यांचे विकारविलसित (१८८३) हे हॅम्लेटचे भाषांतर, गो. ब. देवल यांचा झुंझारराव (१८९०) हा ऑथेल्लोचा अवतार, वा. बा. केळकरांची त्राटिका आणि वि. वा. शिरवाडकरांचा मॅक्‌बेथवर आधारित राजमुकुट (१९५४) ही त्याची उदाहरणे. ‘श्रू’ म्हणजे कजाग स्त्री. केळकरांनी तिला रामायणातील राक्षसीचे नाव दिले. त्यामुळे अर्थात कोणती भर पडली व काय गळाले, हे शोधताना विद्यार्थ्याला मूळ शब्दाकडे परतावे लागते.

या सर्व पद्धतींसमोरचे मोठे आव्हान परीक्षेचे आहे. कथानकाचा सारांश व पात्रांची स्वभावचित्रे यांवरच प्रश्न आधारलेले असल्यास मार्गदर्शिका पुरतात व मूळ नाटक न वाचताही उत्तीर्ण होता येते. ज्याच्या घरी इंग्रजी बोलली जात नाही, अशा खेड्यातील विद्यार्थ्याचे यात सर्वाधिक नुकसान होते. कारण या भाषेचे समर्थ रूप त्याच्या कानी पडण्याची जागा बहुधा वर्गच असते. म्हणून संपूर्ण नाटकाचा सारांश देण्यापेक्षा निवडक तीन-चार प्रवेश मुळातून, सावकाश व मोठ्याने वाचून घेणे आणि परीक्षेतही संहितेतील उताऱ्यावर प्रश्न विचारणे अधिक फलदायी ठरते.