एक जिल्हा, दोन स्टेशनं आणि ५४ कोटी किलो

पांढुर्णा आणि सौसर ही एकाच जिल्ह्यातली दोन गावं. २०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळा झालेला हा मध्य प्रदेशातला पांढुर्णा जिल्हा, संत्र्याचा आणि मराठीचा. रस्त्याने गेलात तर दोघांमध्ये चाळीसेक किलोमीटर. पण आपण आज रेल्वेनेच जाणार आहोत. चला, बसा माझ्याबरोबर!

पांढुर्ण्याला दिल्ली-चेन्नईची मुख्य लाइन. गाडीत बसायचं, नरखेड, काटोल, कळमेश्वर मागे टाकत शंभरेक किलोमीटर यायचं आणि नागपूरला उतरायचं. एव्हाना आपण राज्यच बदललं. मग नागपुरातल्याच इतवारी स्टेशनवरून छिंदवाड्याची गाडी धरायची. सावनेर गेलं, लोधीखेडा आलं, परत मध्य प्रदेशात शिरलो आणि पाऊणशे किलोमीटरवर सौसर. एकूण पावणेदोनशे! रेल्वेने मुंबई ते पुणे १९२ किलोमीटर. म्हणजे एका तालुक्यातून शेजारच्या तालुक्यात जायला दादर, कल्याण, लोणावळा आणि वर जवळपास पुणं गाठण्याइतका प्रवास, तोही दोन राज्यांतून. दुसरी वाट उत्तरेकडून आहे, आमला आणि छिंदवाडा करून. ती याहून लांब.

आता सौसरच्या लाइनकडे नीट बघू. २०१५ पर्यंत इथे छोटी लाइन होती. दोन रुळांमध्ये अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. लहान पोराने पाय फाकले तर दोन्ही रुळांवर उभं राहावं, एवढंच. नागपूर ते छिंदवाडा दीडशे किलोमीटरला ही गाडी सहा-सात तास घ्यायची. त्या चालीने मुंबईहून निघालात तर पुणं यायला आठ तास. तरी लोक बसत होते, कारण रामाकोना, भिमालगोंदी, उमरानाला यांच्या दारात येणारी गाडी तीच.

हे ऐकून कुणी हसेल, तर त्याला जपानला नेऊ. बुलेट ट्रेनच्या त्या देशात तोयोहाशीहून निघून डोंगरदऱ्यांतून तात्सुनोला जाणारी इइदा लाइन आहे. लांबी १९५.७ किलोमीटर, मुंबई-पुण्याच्या अगदी बरोबरीची. आणि त्यावर स्टेशनं किती? ९४! सरासरी दर दोन किलोमीटरला एक. साध्या गाडीने या टोकापासून त्या टोकाला जायला सहा-सात तास लागतात. म्हणजे आपल्या छोट्या गाडीची वेळ आणि जपानच्या खेड्यातल्या गाडीची वेळ जवळपास सारखी. तिथले रूळ १०६७ मिलिमीटरचे. सौसरला छोटीच्या जागी आलेली आपली नवी लाइन, म्हणजे ब्रॉडगेज, १६७६ची. अडीच फुटांवरून थेट साडेपाच फूट, जपानी खेड्यातल्या गाडीला दोन फुटांनी मागे टाकून!

ही तीन फुटांची वाढ वजनात मोजू या, मग खरी गंमत कळेल. ब्रॉडगेजचा रूळ मीटरला ६० किलो. दीडशे किलोमीटर, रूळ दोन, हिशोब १ कोटी ८० लाख किलो. किलोमीटरला १६६० सिमेंटचे स्लीपर धरले तर अडीच लाख स्लीपर. एकेक पावणेतीनशे किलोच्या वर. झाले सात कोटी किलो. आणि खाली गिट्टी, मीटरला ढोबळ दोन घनमीटर. म्हणजे तीन लाख घनमीटर दगड! पंधरा फूट रुंद, चाळीस फूट खोल अशी विहीर घ्या, आपल्याकडच्या संत्र्याच्या बागेत असते तशी. अशा दीड हजार विहिरी काठोकाठ भरतील. या गिट्टीचं वजन ४५ कोटी किलो.

बेरीज करा. ५४ कोटी किलो! किलोला एक रुपया धरला तरी ५४ कोटी रुपये. २०११च्या जनगणनेतल्या महाराष्ट्राच्या ११ कोटी २४ लाख माणसांना वाटायला घेतलं तर प्रत्येकाच्या पदरात पावणेपाच किलो रेल्वे पडेल. ५८ वाघिणींची एक मालगाडी चार हजार टन नेते, म्हणजे अशा १३५ मालगाड्या. एकीमागे एक उभ्या केल्या तर नव्वद किलोमीटरची रांग, नागपूरहून निघून काटोल ओलांडून नरखेडच्या आसपास पोचणारी. आणि यात पूल धरले नाहीत, बोगदे धरले नाहीत, स्टेशनं धरली नाहीत. भिमालगोंदी ते भंडारकुंड हा वीस किलोमीटरचा घाटातला तुकडा तर धरलाच नाही वेगळा. तो सगळ्यात शेवटी पुरा झाला, आणि का, ते नकाशातली उंची सांगते. नागपूर ते छिंदवाडा गाडी साडेतीनशे मीटर वर चढते. कुतुबमिनारावर कुतुबमिनार असे पाच रचले तरच तिथे हात पोचेल.

पांढुर्ण्याच्या बाजूलाही चढ आहेच. आमल्याकडे जाताना लागणाऱ्या तीगाव-चिचोंड्याच्या घाटात जड मालगाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं लागतात. पाच हजार टनांची भरलेली मालगाडी पांढुर्ण्याहून मुलताईला अडीचशे मीटर उचलायला नुसत्या उंचीसाठी ३४०० युनिट वीज जाते. महिन्याला दीडशे युनिट जाळणाऱ्या घरात तेवढ्यात जवळपास दोन वर्षं दिवे लागतील. एका मालगाडीच्या एका चढात!

आता शेवटचा हिशोब, आणि तो मी मनापासून मांडतो. पांढुर्णा ते सौसर थेट चाळीस किलोमीटरची लाइन टाकायची तर याच मापाने रूळ, स्लीपर आणि गिट्टी मिळून चौदा-साडेचौदा कोटी किलो माल लागेल. छत्तीस मालगाड्या. जिथे १३५ मालगाड्यांचा माल पडला, तिथे आणखी छत्तीस जड नाहीत. जिल्हा एक झाला आहे, तर रूळही एक व्हावेत. ही मागणी पांढुर्णा आणि सौसर, दोन्हीकडच्यांनी मिळून करावी.