दोन्ही घरांच्या तोंडी बसेल असे नाव

बारशाचे आमंत्रण आले की इंदूरच्या जुन्या मराठी घरांत पूर्वी दोन-तीनच प्रश्न निघत. बारसे बाराव्या दिवशी की सवडीने, घुगऱ्या कोण करणार, आणि कानात ‘कुर्र’ करायला आत्या वेळेवर पोचते की नाही. नावाचा निकाल बहुधा आधीच लागलेला असे. नातवाला आजोबांचे, नातीला गेलेल्या पणजीचे. ते नको असेल तर पंचांग उघडून अक्षर पाहायचे. आज रामबागेत किंवा राजेंद्रनगरात चार घरे फिरावीत, एखाद्या घरचा मुलगा म्युनिकला असतो, दुसऱ्या घरची मुलगी डब्लिनला; आणि त्यांतल्या कोणाची सून तिकडची, तर कोणाचा जावई. अशा घरात नातवंड झाले की पेढ्यांच्या आधी नावाचा घोर सुरू होतो. मी आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवले. त्यामुळे हा घोर फिरत फिरत माझ्या ओसरीवर येतो.

प्रश्न नवा वाटतो. पण आपल्या शहराला तो नवा नाही. इंदूरच्या राजवाड्याने तो शंभर वर्षांपूर्वीच पाहिला. तिसरे तुकोजीराव होळकर यांनी १९२८ साली बडवाह येथे नॅन्सी अ‍ॅन मिलर या अमेरिकन तरुणीशी लग्न केले. लग्नापूर्वी तिचे नाव बदलून शर्मिष्ठा ठेवले गेले. पुढे झालेल्या चार मुलींची नावे शारदा, सीता, सुमित्रा, सुशीला. आई सिअ‍ॅटलची; पण मुलींच्या नावांत त्याचा मागमूस नाही. ही पहिली रीत : एका काठाने दुसऱ्या काठाला पूर्ण शरण जायचे. आपल्याला ती चमत्कारिक वाटायचे कारण नाही. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने सुनेचे नवे नाव लिहिणारी माणसे आपणच. कल्याणची यमुना लग्नानंतर आनंदी झाली आणि त्याच नावाने अमेरिकेत जाऊन १८८६ साली डॉक्टर झाली. माहेरच्या यमुनेची आठवण आज किती जणांना आहे?

पुढच्या पिढीत दुसरी रीत दिसते. यशवंतराव होळकरांना अमेरिकन पत्नीपासून १९४४ साली मुलगा झाला. त्याला शिवाजीराव म्हणत आणि रिचर्डही. महेश्वरच्या हातमागाला ज्यांनी नवा जीव दिला ते हेच रिचर्ड होळकर. येथे दोन नावे शेजारी शेजारी राहिली. ज्या घरात जाल तेथले नाव वापरायचे. बडोद्याच्या इंदिराराजे यांनीही असेच काहीसे केले. १९१९ साली लंडनमध्ये झालेल्या मुलीचे नाव त्यांनी गायत्री ठेवले. पण त्या दिवसांत रायडर हॅगार्डची ‘शी’ ही कादंबरी वाचनात होती, म्हणून घरात हाक मात्र ‘आयेशा’. कूचबिहारची राजकन्या, मराठी आजोळ, इंग्रजी कादंबरीतले लाडके नाव. आणि जगाने ओळखले ते जयपूरच्या गायत्रीदेवी म्हणून.

तिसरी रीत सर्वांत अवघड आणि, माझ्या मते, सर्वांत गोड. एकच नाव असे शोधायचे की दोन्ही घरांना ते आपले वाटावे. इरावती कर्वे १९०५ साली ब्रह्मदेशात जन्मल्या, आणि तिथल्या मोठ्या नदीवरून त्यांचे नाव ठेवले गेले. नदी ब्रह्मदेशाची, शब्द संस्कृतातून तिकडे गेलेला. मुलीला तो माहेरी परत घेऊन आला म्हणायचा. शकुंतला परांजपे यांचे पती रशियन चित्रकार. १९३८ साली झालेल्या त्यांच्या मुलीचे नाव सई. अक्षरे दोन, अर्थ सखी, आणि मागे शिवाजीमहाराजांच्या राणीची पुण्याई. इतके आटोपशीर मराठी नाव परक्या जिभेलाही जड जाऊ नये. परंतु आपल्याच देशात रोमन लिपीवरून वाचणारे लोक त्यांना ‘साई’ म्हणतात, ही गोष्ट निराळी!

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. पारस्कर गृह्यसूत्रात मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे असावे, मुलीचे विषम अक्षरांचे आणि आकारान्त असावे असे सांगितले आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात मुलीच्या नावाची लक्षणे आहेत : उच्चारायला सुखाचे, कठोर नसलेले, स्पष्ट अर्थाचे, मनाला रुचणारे, मंगल, शेवटी दीर्घ स्वर असलेले. मनूच्या इतर पुष्कळ गोष्टी आज कोणी मानू नयेत. पण ‘सुखोद्य’ म्हणजे सहज बोलता येणारे, हा त्याचा शब्द मला फार उपयोगी पडला आहे. शिवाय शास्त्राने एका मुलाला एकच नाव दिले नव्हते. देवतानाम, मासनाम, नक्षत्रनाम आणि व्यवहारातले नाव अशी चार नावे बारशाला मिळत. तेव्हा एका मुलाला दोन नावे ठेवली तर धर्म बुडेल, ही भीती कोणी बाळगू नये.

खरी अडचण जिभेची आहे. आपण माळव्यात राहणारे लोक ती पिढ्यान्‌पिढ्या सोसत आलो. आपला ‘ज्ञानेश्वर’ शेजारच्या हिंदीभाषकाच्या तोंडी ‘ग्यानेश्वर’ होतो आणि ‘बाळ’चा ‘बाल’. आपल्या जाईतला ‘ज’ तर त्याच्या कानालाच लागत नाही. मग जर्मन जिभेला काय बोल लावायचा? त्यांचे रोमन ‘जे’ अक्षर म्हणजे ‘य’; त्यामुळे जुई लिहावी तर वाचतात ‘युई’. ‘व्ही’चा उच्चार पुष्कळदा ‘फ’ होतो. शब्दाच्या आरंभी ‘एस’ आणि पुढे स्वर आला की तो आपल्या ‘जहाजा’तल्या ‘ज’जवळ जातो, म्हणजे तिकडे सईची थेट जाई होते! चारुलता कोणी ‘कारू’ वाचतो, कोणी ‘शारू’. इंग्रजांना घ, ध, भ जमत नाहीत. मधुरेची मदुरा होते आणि ती एकदम तामिळनाडूत जाऊन पोचते.

जिभेनंतर अर्थ. उमा हे किती सुंदर नाव. पण जर्मन भाषेत ‘ओमा’ म्हणजे आजी, आणि पाळण्यातल्या मुलीला आजी म्हणणे बरे दिसत नाही. रमा ठेवावी तर ‘रामा’ हा तिकडे पावाला लावायच्या मार्गारिनचा घरोघरी माहीत असलेला छाप आहे. आर्या हे नाव आपल्याकडे सध्या फार आवडते. त्याच शब्दाची मोडतोड करून १९३३ ते १९४५ या काळात जर्मनीत माणसांची वर्गवारी झाली आणि लाखो जीव गेले. बारशाच्या पत्रिकेवरचे आपले निरागस स्वस्तिकसुद्धा तिकडच्या व्याह्यांना पाठवण्यापूर्वी दोनदा विचार करावा. त्यात आपला दोष नाही. पण पाहुण्याच्या जखमेवर बोट पडू नये एवढे सौजन्य आपल्यात आहे.

उलट काही नावे दोन्हीकडे आपोआप जमतात. तारा आपल्याकडे चांदणी. आयर्लंडमध्ये तारा ही प्राचीन राजांची टेकडी. मीरा आपल्याला द्वारकेला नेते. स्लाव भाषांत ‘मिर’ म्हणजे शांती. माया तर जर्मनीत प्रत्येक मुलाला ठाऊक, कारण १९१२ साली आलेल्या एका बालकथेतली माया नावाची मधमाशी तिथे अजून लाडकी आहे. वेदान्त्याला माया खटकेल. पण मराठी आईला ‘माया’ म्हटले की भ्रम आठवत नाही, पदर आठवतो. मात्र अशा जुळ्या नावांचेही पाठीमागचे घर पाहून घ्यावे. आपली शीला म्हणजे सुशील. आयरिश शीला सिसिलियावरून आली, आणि तिचे मूळ ‘आंधळा’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. आपला किरण उजेडाचा. आयरिश किरन म्हणजे काळासावळा!

किरणवरून एक कोर्टाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. जर्मनीतल्या एका भारतीय वंशाच्या कुटुंबाने मुलीचे नाव किरण ठेवले. नोंदणी कचेरीने हरकत घेतली की, या नावावरून मुलगा की मुलगी हे कळत नाही, तेव्हा जोडीला स्पष्ट असे दुसरे नाव द्या. खालच्या कोर्टांनी कचेरीचीच बाजू घेतली. आईबापांनी हार मानली नाही, आणि डिसेंबर २००८ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने निर्णय दिला की नावातून लिंग कळलेच पाहिजे असे घटनेत कोठेही नाही; आईबापांचा हक्क मुलाच्या हिताला बाध येईल तेथेच थांबतो. आपल्याकडे किरण नावाची मुले आणि मुली एकाच वर्गात बसतात, आणि मास्तरांचा कधी गोंधळ होत नाही. तिकडे त्याच साध्या गोष्टीसाठी एवढी पायपीट करावी लागली.

कायद्याचे घड्याळही दोन्हीकडे वेगळे चालते. भारतात जन्माची नोंद २१ दिवसांत करायची. नाव मात्र वर्षभरात विनाशुल्क भरता येते, त्यानंतर शुल्क देऊन पंधरा वर्षांपर्यंत. जर्मनीत जन्माची वर्दी आठवड्यात द्यावी लागते आणि नाव महिन्याच्या आत. मधल्या नावाचीही कटकट असते. आपण मधे वडिलांचे नाव लिहितो. तिकडे मधले नाव म्हणजे मुलाचेच दुसरे नाव. मुलीच्या नावात पुरुषाचे नाव पाहून कारकून चष्मा पुसतो.

हा महिना आमच्या घराने नुकताच काढला. माझ्या पुतण्याची बायको जर्मन. त्यांना मुलगी झाली. माझ्या थोरल्या वहिनी, म्हणजे मुलीच्या आजी, तीन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांचे नाव विमल. दादांनी एकच शब्द धरला : नाव विमलच. तिकडच्या आजीचीही एकच इच्छा होती. तिच्या आईने नवऱ्याच्या माघारी शिवणकाम करून दोन मुली वाढवल्या होत्या. तिचे नाव अमाली. तिकडच्या तोंडी विमलचे ‘फीमाल’ होई, आणि अमाली ऐकून दादा म्हणत, ‘हे काय मराठी मुलीचे नाव आहे?’ पुतण्या मधल्या मधे वाळत चालला. एका रविवारी दादा रागावून म्हणाले, ‘मग बारसे तिकडेच उरका, मला फोन करू नका.’ दोन आठवडे खरोखरच फोन वाजला नाही. पंच्याऐंशी वर्षांचा माणूस रोज संध्याकाळी फोन शेजारी घेऊन बसे आणि कोणी पाहिले की उशीखाली सारी.

वाट काढली ती तिकडच्या आजीने. तिने पुतण्याकरवी मला विचारले की विमल या शब्दाचा अर्थ काय? मी सांगितले, ‘मल म्हणजे मळ, वि-मल म्हणजे ज्याचा मळ गेला ते, निर्मळ.’ सांगता सांगता समोरच्या कागदावर लिहिलेल्या अमाली या नावावर माझी नजर गेली. अ-मल! ‘वि’च्या जागी ‘अ’, अर्थ तोच. अमला हा संस्कृत कोशातला शब्द, लक्ष्मीचेही एक नाव. अक्षरे तीन, म्हणजे विषम, शेवट आकारान्त, बोलायला सुखाचे, अर्थ स्वच्छ. पारस्कर आणि मनू दोघेही खूश व्हावेत. तिकडच्या अमालीचे मूळ जुन्या जर्मन ‘अमल’ या धातूत आहे. त्याचा संबंध श्रमाशी, उद्योगाशी लावतात, आणि थिओडोरिक राजाच्या घराण्याचे नावही तेच. शिवून मुली वाढवणाऱ्या बाईला ते शोभणारेच होते.

मी दादांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतले आणि बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. मग विचारले, ‘अर्थ एकच ना?’

‘एकच.’

‘मग लिही म्हणावं त्यांना.’

शेजारच्या माळवी आजोबांनी मात्र हसून आठवण दिली की आमच्याकडे अमल म्हणजे अफू. खरे आहे, इंदूरने एके काळी अफूचा मोठा व्यापार केला. आणि मराठीतला ‘अंमल’ अरबीतून आला, तिथे ‘अमल’ म्हणजे काम. एका शब्दाला इतके शेजारी असतात. मुलीला मोठेपणी सांगायला गंमत झाली.

कचेरीत ‘अमला’ नोंदले गेले, मुदतीला चार दिवस उरले असताना. बारसे दोन्हीकडे एकाच वेळी झाले. तिकडे पाळणा हलला, इकडे घुगऱ्या वाटल्या, आणि आत्याने फोनवरूनच ‘कुर्र’ केले. तिकडची आजी नाव जरा लांबवून ‘आमाला’ म्हणते. दादांना ते ‘आम्हाला’ असे ऐकू येते, आणि त्यांची त्यावर काही तक्रार नाही.

ज्यांच्या घरी हा घोर पुढे यायचा आहे त्यांना एवढेच सुचवतो. याद्या करण्यापूर्वी दोन्हीकडच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा की त्यांना कोणाची आठवण ठेवायची आहे, आणि त्या नावाचा अर्थ काय. मग निवडलेले नाव त्यांच्याकडून मोठ्याने म्हणवून घ्या, जेवायला हाक मारावी तसे. कागदावर लिहायला कारकून समर्थ आहे. हाक मारायची आहे ती या माणसांना, आणि त्यांच्याजवळ दिवस थोडे आहेत.