ओसाड ठरविलेली भूमी

‘वाळवंट’ म्हटले की निर्जल, निर्मनुष्य आणि निरुपयोगी प्रदेश आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागाविषयी युरोपीय आगंतुकांनी हेच चित्र जगापुढे ठेवले. वस्तुतः तेथे आदिवासी समाज हजारो वर्षे नांदत आला आहे.

पश्चिम वाळवंटातील मार्तू लोकांचे उदाहरण घेऊ. हिवाळ्यात त्यांच्या स्त्रिया गवताचे लहान लहान पट्टे जाळतात. त्यामुळे घोरपडीची बिळे उघडी पडतात, पुढे त्याच जागी खाद्य वनस्पती उगवतात आणि उन्हाळ्यातील वणवे दूरवर पसरत नाहीत. वाळवंटातील पाणवठ्यांच्या वाटा पूर्वजांच्या प्रवासगीतांतून पिढ्यान्‌पिढ्या जपल्या गेल्या. ग्रंथ नसले, तरी हे रीतसर शिक्षणच होय.

१८६१ साली बर्क आणि विल्स हे संशोधक कूपर क्रीकच्या काठी खंगून मरण पावले. तेथेच यान्द्रुवान्धा लोक मुलाबाळांसह राहत होते. त्यांनी या परक्यांना मासे आणि नार्डू नावाच्या पाणवनस्पतीच्या पिठाची भाकरी दिली. बर्कने मात्र बंदुकीचा धाक दाखवून त्यांना दूर लोटले. नार्डूमध्ये ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारे द्रव्य असते. ते निर्धोक करण्याची स्थानिक रीत संशोधकांनी पूर्णपणे आत्मसात केली नव्हती, असे अनेक अभ्यासक मानतात. त्यांचा साथीदार जॉन किंग यान्द्रुवान्धांच्या आश्रयाला राहिला आणि वाचला.

भूमीला ‘रिकामी’ म्हणण्याचे परिणाम भयंकर झाले. ती कोणाच्याही मालकीची नाही, असे गृहीत धरून ब्रिटिशांनी तिचा ताबा घेतला. मारालिंगा येथे १९५६-५७ मध्ये सात अणुस्फोट घडविले गेले आणि तेथील अनंगू लोक आपल्या भूमीला पारखे झाले. १९६७ च्या सार्वमतापर्यंत देशाची लोकसंख्या मोजताना आदिवासींना राज्यघटनेनेच वगळले होते. अखेर ३ जून १९९२ रोजी, माबो खटल्यात, तेथील सर्वोच्च न्यायपीठाने स्वामित्वहीन भूमीचे ते गृहीतक फेटाळले. तत्पूर्वी १९८५ मध्ये उलुरू हा पवित्र खडक अनंगूंना परत मिळाला होता; २०१९ पासून त्यावरील चढाईही बंद झाली.

ज्यांची गणनाच होत नाही, त्यांची भूमी रिकामी ठरते आणि त्यांची विद्या अज्ञान ठरते. आपल्या मुलांच्या हाती भूगोलाचे पुस्तक देताना, नकाशावरील कोऱ्या जागेत कोण राहते, हे विचारण्याची सवयही आपण त्यांना लावली पाहिजे.